स्वस्तातली एक पिशवी, चार जेवणं : तुम्ही काय करता?

रिकामी_बरणी

सवलतीच्या दुकानातून सामान आणायला लागून मला दीड वर्ष होत आलं. हौस म्हणून सुरू केलं नव्हतं, घरातला एक पगार बंद झाला म्हणून केलं. पहिले दोन महिने मी एक मोठी चूक करत होते. सामान स्वस्तातलं आणायचे आणि पाककृती मात्र जुन्याच काढून बसायचे. दहा जिन्नसांपैकी चार नाहीत, तीन बदललेले, आणि पानात जे पडायचं ते ना धड हे ना धड ते. घरातले मुकाट्याने जेवायचे. नावं ठेवली असती तरी बरं वाटलं असतं.

मग क्रम उलटा केला. काय करायचं हे ठरवून दुकानात जायचंच नाही. जे स्वस्त आणि ताजं दिसेल ते आणायचं, ओट्यावर मांडायचं आणि चहा घेत त्याच्याकडे बघत बसायचं. हसू नका, या बघत बसण्यातूनच निम्मा स्वयंपाक होतो.

गेल्या आठवड्याची पिशवी : सुके काबुली चणे, टोमॅटोचे दोन डबे, एक भलामोठा कोबी, कांदे, पास्ता, अंडी, लिंबं आणि कालचा म्हणून अर्ध्या किमतीत काढलेला पाव. घरात तेल, मीठ, मिरपूड, लसूण होतंच.

यातून झालं ते असं. पहिल्या दिवशी कोबीचे देठासकट जाड काप केले, जड तळाच्या कढईत थोड्या तेलावर ठेवले आणि हलवले नाहीत. खालची बाजू चांगली काळपट तपकिरी झाल्यावर उलटले, मग टोमॅटोचा एक डबा ओतून झाकण. कोबी न आवडणाऱ्या माणसाने दुसऱ्यांदा वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी शिजवलेले चणे, त्यातले अर्धे ठेचून आणि अर्धे अख्खे, लसणाच्या तेलात परतले आणि पास्त्याच्या पाण्याचे दोन डाव घालून त्यात पास्ता घोळवला. वर लिंबू. तिसऱ्या दिवशी पावाचे तुकडे तेलात कुरकुरीत करून दुसऱ्या डब्यातल्या टोमॅटोच्या दाट सारात टाकले. चौथ्या दिवशी उरलेलं तेच सार उकळून, त्यात खळगे करून अंडी फोडली आणि झाकण ठेवलं. चार दिवसांत दोनदा तेच सार पानात आलं हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पाककृती जालावर ढिगाने आहेत, त्या नकोत. तुमची खोड सांगा. स्वस्त सामान हातात आलं की तुम्ही हमखास काय करता?

झाकण_दोन_मिनिटं

वाचनखूण साठवली. 'हलवले नाहीत' आवर्जून लिहिलंत हे छान. आमच्याकडे उलथनं हातात घेतलेल्या माणसाला ते खाली ठेवता येत नाही.

करपलेला_तवा

ताई, मी नवखा आहे, नावावरून कळलंच असेल. रविवारी तुमच्यासारखेच सुके चणे आणले. रात्री भिजवले. सकाळी टोमॅटोच्या डब्यासकट पातेल्यात घालून गॅसवर ठेवले. चार तास उकळले हो! चार तास! टोमॅटोचा पार चिखल झाला आणि चणे दाताखाली खडखडतायत. शेवटी रस ब्रेडला लावून खाल्ला. दुकानाने जुने चणे गळ्यात मारले का?

निवृत्त_रसायन

दुकानाला दोष देण्याआधी टोमॅटोला द्या. कडधान्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. दाणा शिजतो म्हणजे हे पेक्टिन विरघळतं. आम्ल असलं की ते विरघळायला तयार होत नाही. म्हणून टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर जे काय असेल ते दाणा बोटाने दाबला जायला लागल्यावरच. पाणी जड असेल तरीही हीच रड, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं.

मिठाबद्दल मात्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात उलटं बसलंय. 'मीठ आधी घातलं की दाणे कडक राहतात' हे मीही पुष्कळ वर्षं सांगत आलो. भिजवायच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा मीठ घालून बघा. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं, साल मऊ होतं आणि दाणे फुटतही नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पाणी ओतून द्यायचं.

खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली तर शिजणं आणखी लवकर होतं, पण चिमूट म्हणजे चिमूटच. जास्त झाला तर दाण्यांचा लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं ते वेगळंच.

आता तुमच्या संशयाकडे. वर्षानुवर्षं उकाड्यात आणि दमटपणात पडून राहिलेले दाणे खरोखरच हट्टी होतात. एक मूठभर नुसत्या पाण्यात उकळून बघा. दोन तासांतही दाद देत नसतील तर दुकान दोषी.

करपलेला_तवा

सर, शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर मी रसायनात पास झालो असतो.

हिशेबवही

चर्चा चविष्ट चालली आहे, त्यात जरा आकडेमोड मिसळतो.

'स्वस्त दुकान' म्हणजे त्यातली प्रत्येक वस्तू स्वस्त, असं मुळीच नसतं. बऱ्याच वस्तू स्वस्त दिसतात कारण पाकीट लहान असतं. पाकिटावरची किंमत बघायची नाही, किलोला किती पडतं ते बघायचं. फळीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नसलं तर मोबाइलवर भागाकार करायचा. मी एकदा तीन दुकानांचे ओट तोलून बघितले. सगळ्यात कमी किमतीचं पाकीट किलोमागे सगळ्यात महाग निघालं! दुसरी युक्ती म्हणजे किंमत तीच ठेवून वजन गुपचूप कमी करायचं. डब्याचा आकार तोच, तळ मात्र आत ढकललेला.

सुके विरुद्ध डबाबंद : कडधान्य शिजून वजनाला साधारण अडीच पट होतं. ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर दाणे २४० ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे एक किलो सुके चणे म्हणजे साधारण दहा डबे. आता दहा डब्यांची किंमत आणि एक किलोची किंमत शेजारी मांडा. सुक्याच्या बाजूला इंधन धरायला विसरू नका. न भिजवता, उघड्या पातेल्यात शिजवणार असाल तर वाचलेले पैसे गॅसवर जातील. भिजवून, प्रेशर कुकरमध्ये, एकदम मोठा घाणा काढून उरलेले फ्रीझरमध्ये टाकले तरच सुक्यात खरी बचत.

मसूर याला अपवाद. भिजवायचा नाही, सालाची असेल तर अर्ध्या तासात आणि सोललेली लाल डाळ पंधरा-वीस मिनिटांत तयार. घाईच्या माणसाने मसुरीवरच जगावं.

अर्धा_कांदा

एक तिरका सूर लावते, राग नसावा.

हे सगळं वाचायला गोड आहे. पण ज्याला खरंच काटकसर करावी लागते त्याच्याकडे बहुतेक वेळा पैशासारखा वेळही नसतो. मी दोन ठिकाणी काम करते. घरी येते तेव्हा पाय बोलत असतात. तेव्हा कोणी 'कांदा मंद आचेवर पाऊण तास परता' म्हटलं की कांदा त्याच्यावरच फेकून मारावासा वाटतो. चहा पीत सामानाकडे बघत बसणं ही सुद्धा चैनच आहे, ताई. आणि ज्यांच्याकडे एकच शेगडी आहे, फ्रीझर नाही, त्यांनी 'मोठा घाणा' कुठे ठेवायचा?

रिकामी_बरणी

राग कसला, खरं आहे. 'बघत बसायचं' हे लिहिताना मीच जरा मिरवलं. पगार बंद असल्यामुळे माझ्याकडे वेळ होता, हे वरच्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

तुमच्यासारख्या दिवसांसाठी माझं उत्तर पाव-अंडं हेच आहे. पावाच्या चकतीला मधोमध भोक, तव्यावर तेल, भोकात अंडं, एकदा उलटायचं. सहा मिनिटांत भांडं धुऊन मोकळं. सोबत कच्चा कोबी बारीक चिरून त्याला मीठ-लिंबू चोळायचं, तेवढ्यात तो नरमतो. यात कल्पकता शून्य, पण कुरकुरीत, मऊ, आंबट सगळं आलं.

झाकण_दोन_मिनिटं

डबाबंद दाण्यांना हिशेबवहींनी जरा जास्तच खाली बसवलं. डबा म्हणजे कोणीतरी आधीच शिजवून ठेवलेलं अन्न, एकच शेगडी असणाऱ्याला त्याची किंमत वेगळी. अन्न काचेच्या बाटलीत बंद करून उकळायची, म्हणजे डब्यांमागची मूळ पद्धत निकोला अपेर या फ्रेंच माणसाने शोधली, त्याबद्दल १८१० मध्ये त्याला सरकारने बारा हजार फ्रँक दिले. अन्न का टिकतं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. जंतूंची भानगड लुई पाश्चरने उलगडली ती त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. दाणे चाळणीत घालून खळखळ धुवा, मीठ सुमारे ४० टक्के कमी होतं.

फुगलेला डबा, गळणारा डबा, शिवणीवर खोल पोचा पडलेला डबा मात्र फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. चाखूनही बघायचा नाही. अंगावर किरकोळ पोचा असेल तर चालतो.

आणि आता माझं खरं म्हणणं. सुका राजमा (लाल) कोणी स्लो कुकरमध्ये थेट टाकत असेल तर आजच थांबा. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचं विष असतं, चार-पाच कच्चे दाणेही पोट उलथंपालथं करायला पुरतात. मंद आचेच्या भांड्यात तापमान ८० अंशांच्या आसपास रेंगाळलं तर हे विष जाण्याऐवजी आणखी तीव्र होऊ शकतं. निदान पाच तास भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा (मी अर्धा तास उकळते), मग खुशाल मंद आचेवर ठेवा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. एका पावसाळ्यात आम्ही तिघंही एकाच न्हाणीघरासमोर रांगेत उभे होतो.

करपलेला_तवा

शेवटचं वाक्य वाचून राजमा यादीतून खोडला.

झाकण_दोन_मिनिटं

खोडू नका हो, उकळा! डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, त्याला भीती नाही.

चिमूटभर

ताईंनी खोड विचारली आहे, ती सांगते. मला स्वस्त जेवणात नेहमी एकच गोष्ट खटकायची. पोट भरतं, पण 'जेवलो' असं वाटत नाही. मीठ वाढवलं, तिखट वाढवलं, तरी काहीतरी राहिल्यासारखं.

ते काहीतरी म्हणजे पाचवी चव. किकुनाए इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. मांसाच्या रश्श्यात ती आपसूक येते. आपल्या स्वस्त पिशवीत ती शोधून काढावी लागते, पण असते! टोमॅटोत भरपूर असते. मशरूममध्ये, सोया सॉसमध्ये, जुन्या कडक चीजच्या फेकून द्यायच्या सालीत असते. माशांच्या डब्यातल्या तेलातही येते. ते तेल सिंकमध्ये ओतणाऱ्या लोकांना मी ओळखते आणि त्यांच्याकडे जेवायला जात नाही.

टोमॅटोची पेस्ट मिळते ना, तिची लहान ट्यूब सगळ्यात कामाची. पण ती नुसती रश्श्यात ढवळायची नाही. आधी तेलात एकटीच घालायची आणि लाल रंग विटकरी होईपर्यंत परतायची. दोनच मिनिटं. कच्चट आंबटपणा जातो आणि मसुरीच्या साध्या वाटीभर रश्श्याला असा काही दाटपणा येतो की खाणारा विचारतो, यात काय घातलंय? खरं उत्तर द्यायचं नाही.

कांद्याचं अर्धा_कांदा यांना पटणार नाही, तरी सांगते. सुटीच्या दिवशी दोन किलो कांदे एकदम परतायचे. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तपकिरीपणा यायला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून आधी पाणी आटवण्यातच वेळ जातो. सोड्याची अगदी छोटी चिमूट टाकली तर वेळ कमी होतो, कांदा मात्र मेणासारखा होतो, त्याला आकार राहत नाही. रश्श्याला काय फरक पडतो? दोन किलोचे जेमतेम दोन-अडीच वाट्या उरतात. फ्रीजमध्ये चार दिवस, बर्फाच्या साच्यात गोठवले तर महिनाभर. दमून आल्यावर एक वडी काढायची, कांदा फेकून मारायचा नाही.

अर्धा_कांदा

बर्फाच्या साच्याचं पटलं. शेजारणीचा फ्रीझर आहे, तिला दोन वड्या देऊन जागा मागते.

निवृत्त_रसायन

चिमूटभर यांचं १४० अंशांचं बरोबर. लुई कामिय माइयार या फ्रेंच वैद्यकाने १९१२ मध्ये हे मांडलं : अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापली की तपकिरी रंग आणि शेकडो वास तयार होतात. रिकामी_बरणी यांच्या कोबीचं रहस्य तेच. कोबी पाण्यात उकळत ठेवला की गंधकाचे वास सुटतात, आणि जितका वेळ ठेवाल तितके वाढत जातात. कोबीबद्दलची बहुतेकांची अढी तिथून आलेली असते. कोरडा करून, भांड्यात गर्दी न करता भाजला तर तोच कोबी गोडूस लागतो. गर्दी केली की वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजी उकडणं सुरू होतं.

उकळतं_आधण

चण्यांचं पाणी कोणी फेकता का? डब्यातलं ते चिकट पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटलं जातं. जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गायकाने २०१४ च्या सुमारास हे दाखवून दिलं. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं असा ढोबळ हिशेब. मी पॅनकेकच्या पिठात घालते. एकदा साखर घालून इलेक्ट्रिक फेटणीने दहा मिनिटं फेटलं तर पांढराशुभ्र फेस उभा राहिला, मुलांना खरं सांगितल्यावर त्यांनी खायचं बंद केलं. म्हणून सांगायचं नाही.

शिळ्या पावाबद्दल. तो फ्रीजमध्ये ठेवू नका, फ्रीजच्या थंडाव्यात पाव बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. स्टार्चचे कण पुन्हा घट्ट रचले जातात म्हणून. एक तर बाहेर, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये, चकत्या करून.

हिशेबवही

तारखांबद्दल कोणीच बोललं नाही. अर्ध्या किमतीतला माल घेताना 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' आणि 'अमुक तारखेपर्यंतच वापरा' यांत फरक करा. पहिली तारीख चवीची आहे, तांदूळ-पास्ता-डबे ती उलटल्यावरही पुष्कळ टिकतात. दुसरी तारीख सुरक्षिततेची, ती मांस-मासे-दुधावर दिसते, तिथे पैशाचा मोह नको.

झाकण_दोन_मिनिटं

आणि भात! उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी परतायचा ही सवय सोडा. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ताटात पसरून लवकर निववा, तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. गार भात परतायला सुटा मिळतो तो वर फायदा. (मला या धाग्यावर फक्त पोटाच्या तक्रारींसाठी बोलावलंय असं वाटायला लागलंय.)

करपलेला_तवा

हजेरी लावतो. चणे मिठाच्या पाण्यात भिजवले, नुसत्या पाण्यात शिजवले, कुकरच्या भांड्यात लोण्यासारखे झाले. टोमॅटो पेस्ट विटकरी केली. पास्त्याचं पाणी सगळं ओतून दिल्यावर आठवलं की ते हवं होतं, त्यामुळे जरा कोरडं झालं, पण लिंबाने सांभाळून घेतलं. खोलीतल्या मित्राने विचारलं, यात काय घातलंय? मी सांगितलं नाही.

फोटो डकवता येत नाहीये. तसाही दिसायला साधाच होता.

एक प्रश्न. कोबी अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. चार दिवस सलग कोबी खाऊन झालाय. काय करू?

रिकामी_बरणी

सगळ्यात आधी अभिनंदन! पुढच्या वेळी चाळणीखाली पातेलं ठेवायचं, म्हणजे पाणी आपोआप सापडतं. आणि पास्ता कमी पाण्यात उकळायचा, स्टार्च दाट मिळतो.

कोबी आंबवा. एक किलोला २० ग्रॅम मीठ, तोलून घ्या, अंदाज नको. बारीक चिरून पाणी सुटेपर्यंत मीठ चोळा, स्वच्छ बरणीत दाबून भरा आणि कोबी स्वतःच्याच पाण्याखाली बुडालेला राहील असं वर काहीतरी वजन ठेवा. गार जागी आठवडा-दोन आठवडे. रोज एक काडी चाखत जा, आवडेल इतका आंबट झाला की फ्रीजमध्ये. वर बुरशी धरली तर टाकून द्या. मग सहा मिनिटांच्या पाव-अंड्याबरोबर चमचाभर.

करपलेला_तवा

बरणी भरली. झाकण आवळून लावलंय, मुंगीसुद्धा जाणार नाही.

रिकामी_बरणी

अहो, सैल करा! आत वायू तयार होतो. आत्ता उठा आणि सैल करा, खाली ताटली ठेवा.

करपलेला_तवा

सैल केलं. ताटली ठेवायला उशीर झाला.